जुन्या पिकअपला रिमोटचे कुलूप



ह्या पानावर आम्ही एरवी बेणे, लागणीचे अंतर, खोडव्याचे पाचट आणि ठिबकच्या नळ्या ह्यांविषयीच लिहितो. ह्या खेपेस विषय निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला गाडीच्या कुलपाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. बेणे ज्या गाडीतून येते, खताच्या गोण्या ज्या गाडीतून येतात, टोळीला द्यायची उचल ज्या गाडीच्या सीटमागे पिशवीत असते, ती सभासदाची पिकअप. वावरात ती उभ्या उसाला खेटून उभी राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचट कसे असते ते तुम्हांस सांगायला नको. गाडीत ठिणगी पडली, तर ती आमच्या नोंदीतल्याच उसावर पडणार.

गेल्या काही हंगामांत गट ऑफिससमोर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्या ‘टुक-टुक’ आवाज करून बंद होऊ लागल्या आहेत. नागपूरच्या बाजारात रिमोट सेंटर लॉकचे किट डी.ए.पी.च्या एखाद-दुसऱ्या गोणीएवढ्या किमतीत मिळते आणि दोन तासांत बसवूनही मिळते. ते बसवू नये असे आमचे म्हणणे नाही, बसवावेच. पण आज ते ज्या रीतीने बसवले जात आहे ती रीत आम्हांस मुळीच पसंत नाही, आणि तेवढ्यासाठी हा लेख.

बसवावे का, तर जुन्या गाडीचे कुलूप आता नावालाच कुलूप राहिले आहे. टाटांची ‘टाटामोबाईल’ १९८८ साली आली, पुढे २०७ आली, मग महिंद्राची बोलेरो पिकअप घरोघर झाली. ह्यांतल्या जुन्या गाड्यांच्या दारांत तारेचे नाव नाही. काच हाताने फिरवायची आणि कुलूपही हातानेच लावायचे. दहा-पंधरा वर्षांत चावी झिजते, तिच्या आतले दातेही झिजतात, आणि मग शेजाऱ्याच्या गाडीची चावीदेखील आपल्या दाराला लागते. कळमन्याच्या बाजारात पहाटे माल उतरवताना ड्रायव्हरच्या बाजूचे दार आपण लावतो, पलीकडचे उघडेच राहते. एका बटणात दोन्ही दारे लागत असतील, तर ती मोठी सोय आहे. ह्या कल्पनेत नवे असे काही नाही. फ्रान्सच्या रेनो कंपनीने १९८२ साली ‘फ्युएगो’ ह्या मोटारीला दुरून उघडणारे कुलूप दिले होते. आपल्या बांधावर ते यायला चाळीस वर्षे लागली, एवढेच.

आता हे यंत्र आहे तरी काय? ते समजायला इंजिनिअर होण्याची गरज नाही. विहिरीवरचा स्टार्टर ज्याने एकदा उघडून पाहिला आहे, त्याला ते निम्मे कळलेच आहे. स्टार्टरचे हिरवे बटण आपण बोटाने दाबतो, पण मोटरचा सगळा करंट त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला जागे करते, कॉइल पट्टी ओढते आणि भारी करंट त्या पट्टीतून जातो. रिमोटच्या डबीतही हेच आहे. डबीत दोन लहान रिले असतात. स्वस्थ असताना दाराच्या मोटरीच्या दोन्ही तारा अर्थला जोडलेल्या असतात. बंद करण्याचे बटण दाबले की एक तार अर्ध्या-पाऊण सेकंदापुरती बॅटरीच्या धन टोकाला लागते आणि सळई एका दिशेला सरकते. उघडण्याचे बटण दाबले की दुसरी तार लागते आणि सळई उलट सरकते. बंद करायला जावे तर दार उघडते, असे झाले तर घाबरू नये. थ्री-फेज मोटर उलटी फिरली की आपण दोन फेजची अदलाबदल करतो, तशा ह्या दोन तारा बदलाव्यात.

दाराच्या मोटरीला मिस्त्री लोक ‘गन’ म्हणतात. ड्रायव्हरच्या दारातल्या गनला पाच तारा असतात, दुसऱ्या गनला दोनच. पाचांतल्या तीन तारा डबीला खबर देण्यासाठी असतात, म्हणजे चावीने दार बंद केले तरी पलीकडचे दार आपोआप लागते. किटात बहुधा चार गन येतात, पिकअपला दोनच लागतात. उरलेल्या दोन जोड्यांच्या तारा उघड्या टोकांनी डॅशबोर्डाखाली लोंबत सोडून दिलेल्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. बटण दाबले की त्या टोकांतही करंट येतो, हे बसवणाऱ्याला ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही.

आणखी एक. हे किट १२ व्होल्टचे असते. ऊस वाहतुकीच्या मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. पिकअपचे पाहून ट्रकवाल्याने तेच किट जोडले, तर डबी जळालीच म्हणून समजा.

कुलूप आधी हातानेच नीट चालले पाहिजे, ही गोष्ट कोणी ध्यानातच घेत नाही. दाराच्या बिजागऱ्या ओघळलेल्या असतात, दार उचलून लावावे लागते, कुलपात धुळीचा आणि सुकलेल्या ग्रीसचा थर बसलेला असतो. त्याला एवढीशी मोटर ओढणार कुठून? बंडी चिखलात रुतल्यावर बैलाला तुतारी टोचण्यासारखेच ते. आधी बिजागऱ्या सरळ कराव्यात, कुलूप रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन तेल द्यावे, एका बोटाने दांडी सरकते की नाही ते पाहावे, आणि मगच दाराला भोक पाडावे. भोक पाडण्यापूर्वी काच पूर्ण खाली घ्यावी. काच कुठवर उतरते ते न पाहता गन बसवली, की दुसऱ्याच दिवशी काच अडकते. गनची सळई आणि कुलपाची मूळ सळई एका रेषेत असावी, ओढ तिरपी नसावी. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फाडून फेकून देतात, तो पुन्हा चिकटवून घ्यावा. नाहीतर पावसाळ्यात काचेवरून उतरणारे पाणी पायाशी येते.

आता तारेकडे वळू. आमचे खरे भांडण इथेच आहे.

एका सभासदाची गाडी आमच्यासमोर उघडली गेली, ती हकिकत सांगतो. बाजारात किट बसवून तीन महिने झाले होते. हॉर्न दाबला की दारे लागत होती, म्हणून डॅशबोर्डाखालचे झाकण काढले. डबीची धन तार चावीच्या स्विचमागच्या एका जाड तारेला पिळ देऊन जोडलेली होती. वरचे आवरण ब्लेडने सोलले होते, त्यावर काळी टेप गुंडाळली होती, आणि ती टेप डिंकासारखी पाघळून खाली घसरली होती. फ्यूज कुठेच नव्हता. अर्थ म्हणून जी तार दिली होती ती रंगावरच स्क्रूने आवळली होती, त्यामुळे करंट परत जायला भलतीच वाट शोधत होता. सभासदांना विचारले तर म्हणाले, "सायेब, फ्यूज कायले पायजे? एवढीशी तं मोटर हाय!"

हा गैरसमज फार पसरलेला आहे. फ्यूज मोटरीसाठी नसतोच, तो तारेसाठी असतो. मोटर लहान आहे म्हणून तार बारीक असते. पण त्या बारीक तारेच्या एका टोकाला जी बॅटरी आहे, ती इंजिनचा स्टार्टर फिरवणारी आहे, शेकडो अँपिअर ओतणारी. तार कुठे पत्र्याला घासली आणि आतले तांबे उघडे पडले, की बॅटरी सगळा जोर त्या बारीक तारेतून लावते. तार निखाऱ्यासारखी लाल होते, आवरण पेटते, आवरणाशेजारी सीटचा फोम असतो आणि फोमपलीकडे पाचट. मध्ये किटाच्या कागदावर लिहिलेला, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो क्षणात उडतो आणि गोष्ट तिथेच थांबते. हा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत असावा. डबीपाशी लावलेला फ्यूज बॅटरीपासून डबीपर्यंतच्या तारेला वाचवू शकत नाही. आणि एकदा उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणे ही जी आपली डी.पी.वरची सवय आहे, ती कृपा करून गाडीत आणू नये.

काळ्या टेपविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण हा आपल्या मुलखाचा प्रश्न आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद केबिनमध्ये, डॅशबोर्डाखाली, उष्णता त्याहून पुष्कळ जास्त. थंड हवेच्या गावात जी टेप वर्षानुवर्षे टिकेल, ती आपल्याकडे एका उन्हाळ्यात पाघळते. म्हणून जोड सोल्डर करावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी. सोल्डर जमत नसेल, तर चांगली दाबून बसवायची पितळी जोडटोके मिळतात, ती वापरावीत. स्लीव्हचा खर्च चहाच्या कपाएवढा आहे. तो दुकानदार वाचवतो तो पैशांसाठी नव्हे, वेळेसाठी. दोन तासांत गाडी सोडायची असते ना!

दारातून केबिनच्या खांबात तार नेताना पत्र्याला भोक पाडावे लागते. त्या भोकाची धार कानशीने मोडावी आणि त्यात रबरी ग्रोमेट बसवावे. दार दिवसातून पन्नास वेळा उघडते-मिटते आणि प्रत्येक वेळी तार वाकते. दार पूर्ण उघडल्यावर तार ताणली जाता कामा नये, आणि मिटल्यावर चिमटली जाता कामा नये. बाजारात पन्हळीदार रबरी नळी मिळते, तिच्यातून तार न्यावी, म्हणजे उंदरांचाही थोडा बंदोबस्त होतो. उसाच्या कडेला रात्रभर उभी राहणारी गाडी उंदरांना वेगळी वाटत नाही. अर्थची तार मात्र रंग खरवडून, चकाकणाऱ्या पत्र्यावर, नट-बोल्टने घट्ट आवळावी आणि वर ग्रीस लावावे. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. एका किटात लाल तार बॅटरीची असते, दुसऱ्यात ती कशाचीही असू शकते. सोबतचा कागद पाहावा आणि मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे, हे तर झालेच.

दार लागल्याची खूण म्हणून साइड लाइट चमकतात, त्याच्याही दोन वेगळ्या तारा असतात, डाव्या बाजूची एक आणि उजव्या बाजूची एक. घाईत दोन्ही एकत्र पिळल्या, की डावीकडे वळताना दोन्हीकडचे दिवे लागतात. रात्री मागून येणाऱ्याला काय कळावे? वाडीच्या नाक्यावर अशा गाडीमागे आम्ही एकदा चांगलेच बुचकळ्यात पडलो होतो.

बॅटरी उतरण्याची तक्रारही ऐकू येते. रिमोटची डबी चोवीस तास कान देऊन बसलेली असते आणि त्यासाठी ती थोडा थोडा करंट पीत राहते. समजा ती २० मिलिअँपिअर घेते. दिवसाला ४८० मिलिअँपिअर-तास झाले, म्हणजे जवळजवळ अर्धा अँपिअर-तास. पावसाळ्यात काळ्या मातीमुळे गाडी दोन महिने गोठ्यात उभी राहिली, तर २९ अँपिअर-तास गेले. ७० ची बॅटरी, तीही चार वर्षांची, ती पोळ्याला सुरू होईलच असे नाही. ह्यावर उपाय ट्रॅक्टरवाल्यांना माहीत आहे, तो म्हणजे बॅटरीचा कट-ऑफ स्विच. गाडी दीर्घकाळ उभी करताना तो बंद करावा आणि दार चावीने लावावे. इंजिन चालू असताना मात्र हा स्विच कधीही बंद करू नये, अल्टरनेटर जातो.

आता रिमोट बसवला म्हणजे गाडी चोरीपासून सुरक्षित झाली काय? नाही. साधे किट दार लावते, इंजिन अडवत नाही. काच फोडून आत शिरलेल्या माणसाला त्याचा अडथळा नाही. शिवाय स्वस्त रिमोट दर वेळी एकच सांकेतिक आकडा पाठवतो. चावी बनवणाऱ्याने तुमच्या रिमोटची नक्कल मिनिटभरात करून दिली, तर तो त्याच जातीचा आहे असे समजावे. दर दाबण्याला आकडा बदलणारे रिमोट निराळे. त्यांतली ‘कीलॉक’ ही पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघाली, १९९५ साली अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली, आणि २००८ साली जर्मनीच्या बोखूम विद्यापीठातील संशोधकांनी तीही फोडून दाखवली. तरीपण आपल्या बाजारातल्या भुरट्या चोराच्या मानाने बदलत्या आकड्याचा रिमोट पुष्कळ बरा, थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा. विम्याच्या बाबतीतही भ्रम नको. पुण्याच्या ए.आर.ए.आय. संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी यंत्र असेल, तर हप्त्यात थोडी सूट मिळते. रस्त्यावरच्या साध्या किटाला ती मिळत नाही. आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. रिमोट आला म्हणून चावी कुठेतरी टाकून देऊ नये.

ह्यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. बाजारात एक नवीच टूम निघाली आहे. खिडकीच्या फटीतून तार घालून चोर कुलपाची खुंटी वर ओढतो, म्हणून रिमोट बसवताना दाराच्या आतली खुंटीच कापून टाकायची. आता दार फक्त रिमोटने उघडणार! आमचा ह्याला पूर्ण विरोध आहे. २०२३ च्या जून महिन्यात नागपूरच्या पाचपावली भागात एका उभ्या मोटारीत शिरलेली तीन लहान मुले आत अडकून दगावली. ती बातमी तुम्हीही वाचली असेल. आपल्या वावरात काय चालते ते आठवून पाहा. तोडणी चालू असते, ऊन चढते, टोळीतल्या बायांची लहान लेकरे सावली म्हणून पिकअपच्या केबिनमध्ये निजवली जातात. मालक शंभर पावलांवरून खिशातले बटण दाबतो आणि मोटारसायकलवर बसून निघून जातो. पूर्वी चावी लावायला दारापाशी जावेच लागे, काचेतून आत नजर पडे. रिमोटने ती नजर काढून घेतली आहे. म्हणून आतली खुंटी, आतला दांडा, काचेचे हँडल ही तिन्ही शाबूत आणि मुलाच्या हाताने चालतील अशी हवीत. आणि बटण दाबायचे ते दाराशी उभे राहूनच. चोर शिरला तर पिशवी जाईल, ती सीटमागे ठेवूच नका.

हे सर्व प्रत्येक सभासदाने एकट्याने तपासावे, अशी आमची अपेक्षा नाही. आमची सूचना अशी आहे. गाळप सुरू होण्यापूर्वी आपण ट्रॉल्यांना आणि बंड्यांना रिफ्लेक्टर लावून घेतो. त्याच सुमारास कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सभासदांच्या पिकअपची तारजोडणी तपासण्यासाठी दोन दिवस ठेवावेत. आपल्या इलेक्ट्रिक विभागात मल्टिमीटर आहे, सोल्डरिंगचे सामान आहे, आणि पावसाळ्यात माणसांना थोडी उसंतही असते. कारखान्याने किट विकू नये, त्या भानगडीत पडूच नये. स्टोअरमध्ये फ्यूज-होल्डर, तार, स्लीव्ह आणि ग्रोमेट ना नफा ना तोटा तत्त्वावर ठेवावे, एवढे पुरे. आय.टी.आय.मध्ये वायरमन किंवा मोटर मेकॅनिक शिकलेली आपल्या सभासदांची मुले-मुली त्या दोन दिवसांत हाताखाली घ्यावीत. पुढल्या वर्षी हेच काम ती गावात करतील, आणि नागपूरच्या दुकानापेक्षा ती अधिक जबाबदारीने करतील, कारण गाडी बिघडली तर मालक त्यांच्याच ओसरीवर येऊन बसणार आहे.

ह्यावर एक जुने सभासद आम्हांस म्हणाले, "उसाचं बिल टायमावर द्या, मंग कुलपाचं पाहू." त्यांचे पहिले म्हणणे रास्त आहे आणि ते त्यांनी सर्वसाधारण सभेत जरूर मांडावे. परंतु बिल वेळेवर मिळाल्याने फ्यूज बसत नाही, आणि फ्यूज बसवल्याने बिल लांबत नाही.

सूचना संचालक मंडळापुढे ठेवण्यासाठी आम्ही लेखी दिली आहे. ती मान्य झाली तर तारखा गट ऑफिसच्या फळ्यावर लागतील. त्या दिवशी येताना गाडी रिकामी आणावी, दोन्ही चाव्या, दोन्ही रिमोट आणि किटासोबत आलेला जोडणीचा कागद बरोबर असावा. कागद हरवला असेल तरी गाडी आणावी, तारा शोधून काढता येतील, वेळ मात्र दुप्पट लागेल.